फायबरचा पाटा: लावायचा की सोडायचा? (बाग-गाडीच्या नोंदी)

८ जानेवारी २०२५

सांगाडा आला. नागपूरच्या कळमना बाजारात संत्रा उतरवून रिकाम्या परतणाऱ्या ट्रकमध्ये टाकून आणला, त्यामुळे भाडं निम्म्यावर आलं. अपघातात गेलेल्या एका परदेशी एसयूव्हीचा हा मागचा अख्खा सबफ्रेम, म्हणजे मागची दोन्ही चाकं धरणारी चौकट. दोन्हीकडचे आर्म (चाक धरणारे दांडे), हब, ब्रेक सगळं आहे आणि पोटाखाली आडवा एक काळा पट्टा. भंगारवाल्यानं पट्टा वजनात धरलाच नाही. "ते प्लास्टिक हाय, तसंच न्या," म्हणाला.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी: वरुड तालुक्यातल्या आमच्या भागात संत्र्याच्या ओळींतून कॅरेट बाहेर काढायला बॅटरीवरची छोटी गाडी बनवणं चालू आहे. भार ६०० किलो, म्हणजे २० किलोची ३० कॅरेट. ट्रॅक्टरची ट्रॉली ओळीत वळत नाही, वळवली तर फळानं वाकलेल्या फांद्या मोडते. काळ्या मातीत वाळलेल्या चाकोऱ्या विटेसारख्या कडक होतात आणि त्यांवरून उडालेलं फळ बाजारात पोचेपर्यंत मऊ पडतं. म्हणून मागे दोन्ही चाकं आपापली हलणारी हवीत, आणि असा सांगाडा घरी बनवण्यापेक्षा भंगारात घेणं स्वस्त पडतं.

समोरचा भाग, मोटर, बॅटरी यांच्या नोंदी वेगळ्या आहेत. इथं फक्त त्या काळ्या पट्ट्याचं.

१० जानेवारी

हा पट्टा म्हणजे काच-तंतू आणि रेझिनचा कमान पाटा, म्हणजे लीफ स्प्रिंग. पोलादी पाट्यांच्या गठ्ठ्याचं काम हा एकटा करतो, शिवाय तो लांबीत नसून चाकापासून चाकापर्यंत आडवा असतो. ही कल्पना जुनी आहे. शेवरले कॉर्व्हेटला १९८१ साली मागे असा एकच फायबरचा पाटा आला. आधीचा पोलादी गठ्ठा १८-२० किलोचा होता, हा चार किलोच्या आत. १९८४ पासून त्या गाडीला पुढं-मागं दोन्हीकडे असेच पाटे आले आणि २०१९ पर्यंत टिकले. मर्सिडीज स्प्रिंटर व्हॅनच्या पुढच्या ॲक्सलला आडवा फायबर पाटा असतो. २०१५ च्या व्होल्वो एक्ससी९० ला मागे असतो. म्हणजे आपल्या हातात प्रयोगशाळेतली गंमत नाही, रस्त्यावर सिद्ध झालेली वस्तू आहे. भंगारवाल्याचं 'प्लास्टिक' ऐकून भाऊ (बागाईतदार, पैसे त्यांचे) जरा खट्टू झाले होते, त्यांना हे सगळं सांगितलं.

काच स्प्रिंगला कशी चालते, हा त्यांचा पुढचा प्रश्न. स्प्रिंगचं काम वाकून ऊर्जा साठवणं. एक किलो माल किती ऊर्जा साठवेल ते त्याच्या ताकदीच्या वर्गावर ठरतं, आणि माल जितका ताठ आणि जड तितकी ती साठवण कमी होते. पोलादाचा ताठरपणा २०० गिगापास्कलच्या वर. सगळे तंतू एकाच दिशेत असलेल्या काच-रेझिनचा ४० च्या आसपास, पण त्या दिशेतली ताकद चांगल्या पोलादाच्या जवळ जाते आणि वजन पोलादाच्या चौथाई. हिशोब सरळ फायबरकडे झुकतो.

अडचण 'त्या दिशेत' या दोन शब्दांत आहे. तंतूंच्या लांबीत हा माल भक्कम, आडवा मात्र फक्त रेझिनच्या भरवशावर. बांबूसारखंच. मोडायला घ्या तर मोडत नाही, कोयत्याचं टोक शेंड्यात बसलं की पेरामागून पेर चिरत जातो.

१३ जानेवारी

धुतला. साबणाचं पाणी, मऊ ब्रश. तारेचा ब्रश नाही, डिझेल नाही, रॉकेल नाही. आमच्या गॅरेजात हे सांगून भागत नाही, उभं राहून पाहावं लागतं.

मापं: लांबी ११५०, रुंदी ६०, जाडी २६ मिमी. सबफ्रेमच्या दोन रबरी बैठकांत धरलेला, बैठकांमधलं अंतर ४५०. दोन्हीकडे ३५० मिमी बाहेर आलेलं, टोकं खालच्या आर्मवर. वजन साडेतीन किलो. पोरं एका हातात धरून फिरत होती.

दोन जखमा आहेत.

पहिली खालच्या अंगाला, दोन बैठकांच्या मधोमध जरा डावीकडे. चाळीसेक मिमी लांबीची तिरपी खाच, खोली दोन मिमी. क्रेननं गाडी उचलताना साखळीची कडी इथं रुतली असावी, तसाच आकार आहे. तंतू तुटून कुसळं वर आलीत. बोट फिरवू नका.

दुसरी उजव्या टोकाला, बाजूच्या कडेवर. जाडीच्या बरोबर मध्यातून निघालेली केसासारखी रेघ, टोकापासून आत ८५ मिमी. नुसती दिसत नव्हती. स्पिरिटनं कड पुसली. बाकी सगळं वाळलं तरी रेघेत ओल राहिली, तेव्हा कळली.

बघायला येणारा प्रत्येक जण पहिल्या जखमेवर बोट ठेवतो.

१५ जानेवारी

काल संक्रांत, काम बंद. आज कागद-पेन्सिल.

कोणती जखम किती वाईट ते ती कुठं आहे यावर ठरतं. ट्रकचा लांबीत बसवलेला पाटा भाराखाली सपाट होतो, त्याच्या वरच्या अंगाला ताण येतो. आपला पाटा उलटा. मध्ये बैठकांनी धरलेला आणि चाकं टोकांना वर ढकलतात, म्हणून खालचं अंग ताणात आणि वरचं दाबात. दगड, साखळी, जॅकचं तोंड लागतं ते खालूनच. म्हणजे ज्या अंगाला मार बसतो तेच ताणातलं अंग. ही मांडणी मला आवडत नाही, पण गाडीच्या पोटाखाली दुसरी जागा नसते.

दोन्ही चाकं सारखी वर गेली तर दोन बैठकांच्या मधल्या भागात वाकणारं बळ सगळीकडे एकसारखं आणि थर एकमेकांवर घसरवणारं बळ, म्हणजे शिअर, शून्य. बैठकीच्या बाहेर, टोकापर्यंत, याच्या उलट: शिअर कायम, वाकणारं बळ टोकाकडे कमी कमी होत शून्यावर. आणि शिअर जाडीच्या मध्यावर सर्वांत जास्त.

आता जखमा परत पाहा. खाच जिथं आहे तिथं फक्त वाकणं आहे. दोन मिमी गेले, २६ चे २४ उरले. वाकण्याचं प्रतिबल (दर चौरस मिमीवर येणारं बळ) जाडीच्या वर्गाच्या उलट प्रमाणात असतं, म्हणजे तेवढ्या जागी १७ टक्के वाढ. वाईट, पण मोजता येण्यासारखं. शिवाय अशा मालात आडवी खाच सरळ आत घुसत नाही, तंतूंच्या बाजूनं वळते आणि वरची एक चिपटी सोडून थांबते. पोलादात तीच खाच खोल खोल जात राहिली असती.

रेघ मात्र जाडीच्या मध्यात आणि शिअरच्या भागात आहे. तिला वळायला जागाच नाही, ती आधीच तंतूंच्या दिशेनं निघाली आहे.

१९ जानेवारी

चाचांना बोलावलं. वरुड रस्त्यावर त्यांचं कमान-पाट्याचं काम आहे, वडिलांपासून. पाटा त्यांनी दोन्ही हातांनी उचलला, मग एकानं, मग माझ्याकडे पाहिलं.

"लोखंडाले भेग पडली का आत गंज दिसते. खडू-रॉकेल लावलं का रेघ उठते. याच्यात मी काय पाहू, सांगा."

खरं आहे. काळा रंग रेझिनमध्येच मिसळलेला आहे. नुसता काच-रेझिनचा असता तर उजेडासमोर धरून सुटलेला थर पांढुरका दिसला असता.

नाण्यानं ठोकायला बसलो. शाबूत जागी आवाज टणक येतो, थर सुटलेल्या जागी बद्द. हे काम चाचांच्या कानाला जास्त जमतं. मी नाणं धरलं, त्यांनी डोळे मिटून 'हा', 'नाही' सांगितलं, पोरानं खडूनं खुणा केल्या. डाव्या टोकाला कुठंच बद्द नाही. उजवीकडे टोकापासून १२० मिमीपर्यंत बद्द, तिथून पुढं टणक. रेघ डोळ्यांना ८५ दिसते, कानाला १२०. खाचेच्या आजूबाजूला फक्त नखाएवढा भाग बद्द.

जाताना चाचा एक बोलले, ते लिहून ठेवतो. "पाट्याच्या गठ्ठ्यात एक तुटला तं बाकीचे धरतेत. गाडी एकीकडं बसली का डायव्हर आपोआप येते माह्याकडं. ह्याचं कसं?"

२३ जानेवारी

भार लावून पाहिला. दोन गर्डरना सबफ्रेमच्या मूळ बैठका बोल्टनं बसवल्या, पाटा गाडीत असतो तसाच. प्रत्येक टोकाखाली जॅक, जॅकखाली इलेक्ट्रॉनिक काटा. दोन्ही काटे एका अडत्याकडून रविवारपर्यंतच्या बोलीवर आणले आहेत. वरून साखळी आणि वाळूची पोती. हे दिखाव्यासाठी नाही. दोन्ही टोकांवर ५०० किलो आले की पाट्यात पावणेतीनशे ज्यूलच्या वर ऊर्जा असते, म्हणजे १० किलोचं वजन जवळपास तीन मीटरवरून पडण्याइतकी. पोरांना दाराबाहेर उभं केलं.

नव्या पाट्याचे आकडे आपल्याकडे नाहीत. पण पाटा दोन्हीकडे सारखाच बनवलेला असतो, म्हणून डाव्या बाजूला उजवीची फूटपट्टी धरलं.

१०० किलोला डावी १२ मिमी, उजवी १२. २०० ला २३ आणि २५. ३०० ला ३५ आणि ३७. ४०० ला ४७ आणि ५०.

काट्यात किंवा गर्डरच्या बैठकीत फरक असेल म्हणून पाटा टोक-बदल करून पुन्हा लावला. ढिली बाजू पाट्याबरोबरच फिरली. फरक पाट्यातलाच, सहा टक्के.

डाव्या बाजूच्या आकड्यांवरून मालाचा ताठरपणा काढून पाहिला, जाडी सगळीकडे सारखी धरून. ४० गिगापास्कलला अगदी जवळ आला. म्हणजे आमची मांडणी आणि पट्टी विश्वास ठेवण्याइतकी बरी आहे. हा आकडा जुळला तेव्हा चहा सांगितला.

भाऊ आले होते. "सहाच टक्के? एवढं तं टायरच्या हवेत जाते."

२४ जानेवारी

आज आवाज. काल पहिल्यांदा ४०० पर्यंत नेताना टक-टक झाली होती, पण पहिल्या वेळेला बैठकीची रबरंही बोलतात. खरी परीक्षा दुसऱ्या वेळची. जोझेफ कायझर या जर्मन संशोधकानं १९५० मध्ये हे दाखवलं: एकदा एका भारापर्यंत नेलेला माल, पुन्हा त्या भारापर्यंत नेताना गप्प राहतो. त्याच्या आधीच बोलायला लागला, तर आत काहीतरी हलतंय. फायबरच्या मालाला ही कसोटी फार उपयोगी पडते.

लांब स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला, टोक पाट्याला (टोक रबरात गुंडाळलेलं). हे करताना भार जॅकवर स्थिर ठेवूनच जवळ जायचं. डावी बाजू ४०० पर्यंत गप्प. उजवी २५० च्या पुढं प्रत्येक टप्प्याला बोलली. बारीक, कोरडा आवाज.

मग ४०० वर आणून जॅकच्या जागी लाकडी ठोकळे मारले, जॅक रात्रभरात उतरतो म्हणून. रेघेच्या टोकाला पांढऱ्या पेन्सिलीनं खूण केली. दार बंद, कुलूप.

२५ जानेवारी

रेघ ८५ वरून ९७ वर. गाडी नाही, खड्डा नाही, नुसतं उभ्या भारावर.

२८ जानेवारी

भाऊंच्या 'सहाच टक्के'ला उत्तर लिहितो, कारण या सगळ्या प्रकरणातला गुंता इथं आहे.

टोकापासून मध्यातून चिरलेला भाग म्हणजे २६ मिमीच्या एका पट्टीऐवजी १३ च्या दोन, एकमेकींवर घसरणाऱ्या. ताठरपणा जाडीच्या घनानं जातो, म्हणून दोन्ही मिळून मूळच्या चौथाईच उरतात. पण टोकाशी वाकणारं बळ कमी असतं, त्यामुळे छोटी चीर जवळपास काहीच दाखवत नाही. टोक किती जास्त खाली-वर होईल ते चिरेच्या लांबीच्या घनावर ठरतं. आपल्या मापांनी हिशोब असा: ७० मिमी चिरेला एक टक्क्याहून कमी फरक, म्हणजे ४०० किलोला अर्धा मिमीसुद्धा नाही, आमच्या पट्टीवर तो दिसणारच नाही. १४० ला साडेसहा टक्के. २८० ला पन्नासच्या वर.

उलट हिशोब केला तर सहा टक्क्यांचा अर्थ आतली चीर १३५ च्या आसपास. डोळा ८५ म्हणाला, नाणं १२०, भार १३५.

दुसरी बाजू त्याहून वाईट. चिरेला पुढं ढकलणारी ऊर्जा, भार तोच असला तरी, चिरेच्या लांबीच्या वर्गानं वाढते. लांब चीर पुढं जायला सोपी असते. म्हणजे दाखवते उशिरा आणि दाखवायला लागली की थांबत नाही. सहा टक्के हा टायरच्या हवेसारखा आकडा नाही, चीर दिसण्याजोगी झाली एवढंच तो सांगतो.

आपली गाडी भरली की मागच्या प्रत्येक चाकावर, चाक-हबचं वजन वजा करून, ३३५ किलो. पाट्याचं टोक आर्मवर चाकापेक्षा आत आहे, ०.७ नं भागलं की टोकावर ४८० किलो. उभ्या गाडीत. चाचणी आम्ही ४०० वरच थांबवली होती.

चिकटवण्याचा प्रस्ताव आला, तो येणारच होता. दुकानातलं दोन डब्यांचं इपॉक्सी, वरून शिकंजा. नाही म्हणालो. केसाएवढ्या चिरेत आतपर्यंत ते जात नाही. आत धूळ आणि घासून निघालेली काचेची भुकटी असते, त्यावर चिकटत नाही. आणि घरच्या तापमानाला वाळलेलं असं इपॉक्सी ५०-६० अंशांना मऊ पडायला लागतं. मे महिन्यात सावलीतच पारा ४५ वर जातो, उन्हात उभ्या गाडीच्या काळ्या पाट्याचं किती होत असेल ते हात लावून बघायचीही गरज नाही.

मावसभावानं (नागपूरला कॉलेजात शिकवतो) फोनवर बोल्टचा पर्याय काढला. टोकाशी वाकणारं बळ कमी असल्यानं तिथं भोक पाडणं अगदीच वेडेपणाचं नाही, हे त्याचं म्हणणं बरोबर. पण बोल्ट दोन तुकड्यांना उघडू देणार नाही, घसरू मात्र देईल, आणि आपली चीर घसरूनच वाढते. थोडा वाद झाला, मग त्यानंही मान्य केलं. त्याच्या मते चिरेच्या पुढच्या टोकाजवळ दोन बोल्ट घट्ट आवळले तर वेग कमी होईल. होईलही. पण वेग किती कमी झाला ते कळणार कसं?

२ फेब्रुवारी

मोठी बैठक, म्हणजे भाऊ, चाचा, मी आणि चहा.

लावण्याच्या बाजूनं जे आहे ते इमानदारीनं लिहितो. पाटा दोन टनांच्या गाडीचा आहे, आपली गाडी भरूनही मागे साडेसातशे किलो. वेग २० च्या आत. चाकाला जागेवर धरतात ते आर्म, पाटा नव्हे; पाटा पूर्ण गेला तरी चाक निखळत नाही, ती बाजू रबरी ठोकळ्यावर बसते. आणि असा पाटा सहसा काडकन दोन तुकडे होत नाही, फाटत फाटत ढिला होतो. नवा मागवायचा तर किंमत सबफ्रेमच्या कितीतरी पट. हे सगळे मुद्दे माझ्याच तोंडून निघाले होते. ३०० किलो भारावर चालवू, महिन्याला मोजू, असं जवळपास ठरलंच होतं.

तोडणीच्या मुकादम मावशी हिशोबाला आल्या होत्या, ओट्यावर बसून ऐकत होत्या. त्यांनी विचारलं, "गाडी भरून निंघन तं आमी कशावर बसू?"

भाऊ म्हणाले, बसायचं नाही, मालाची गाडी आहे.

"बसतोच नं जी. दिवसभर तोडा करून गोदामापर्यंत पायी जाऊ काय? ट्रॉलीवर बसतो तसं कॅरेटवर बसू."

यावर कोणी काही बोललं नाही, कारण त्या बसणार हे सगळ्यांना माहीत होतं. आमच्या बागेतून गोदामाकडे जाताना पांदण नाल्यात उतरते, तिथं रस्ता एका अंगाला कलतो. उजवी बाजू खाली. ३० कॅरेट, वर चार-पाच बायका, आणि उजवी बाजू अचानक पन्नास-साठ मिमी बसली, तर चाक निखळलं नाही म्हणून काय झालं? आणि मोजायचं कोण? गर्डर, जॅक, अडत्याचा काटा आणि चाचांचा कान महिन्याला जमवून. पहिल्या महिन्यात होईल. तोडा जोरात असताना नाही.

पाटा लावायचा नाही, हे ठरलं. भाऊंनी एकदाच विचारलं, "पक्कं?" मी पक्कं म्हणालो.

९ फेब्रुवारी

कापला. नाकातोंडाला मास्क, चष्मा, पूर्ण बाह्या, ग्राइंडरवर पाण्याची धार. काचेची भुकटी अंगावर बसली की दोन दिवस खाज जात नाही, आणि फुफ्फुसात तर ती जाऊच द्यायची नाही. काम गावाबाहेर, वाऱ्याकडे पाठ करून केलं.

उजव्या टोकापासून २५-२५ मिमीचे काप. १२५ पर्यंतचे काप हातात येताच दोन झाले. १५० चा काप धरून होता, स्क्रू-ड्रायव्हर लावताच सुटला. १७५ चा अखंड, पण घासून ओला केल्यावर मध्यात बारीक रेघ. त्या रात्री वाढलेली धरूनही चीर नाण्यानं सांगितल्यापेक्षा लांबच होती. मुख्य रेघेच्या चार मिमी खाली आणखी एक छोटी रेघ निघाली. तिचा पत्ता ना डोळ्याला लागला होता, ना काट्याला. टोकाचा रबरी जोडा काढला तर खाली कोपरा चेचलेला. अपघातात मार उजव्या चाकाकडून आला असणार आणि चीर तिथूनच निघाली.

खाचेवरूनही एक काप घेतला. दोन मिमी तुटलेलं, त्याखाली सगळं शाबूत, चिपटी सुटून थांबलेली. तिथं टणक-बद्दनं जे सांगितलं होतं ते बरोबर निघालं. फक्त ती जखम असती आणि टोकं शाबूत असती तर मी खाच गुळगुळीत करून, वर रेझिनचा पातळ हात मारून, कमी भारावर हा पाटा लावला असता. चाचा अजूनही म्हणतात, लावला नसता.

डावा अर्धा भाग एक जण मागायला आला होता, बैलगाडीला लावतो म्हणून. दिला नाही. त्याचेही हातभर तुकडे केले. अर्धा पाटा कुठल्या रिक्षाखाली जाऊन बसेल, सांगता येत नाही.

१७ फेब्रुवारी

पोलादी गठ्ठा, आडवाच. कॉर्व्हेटला १९८१ च्या आधी होता तसा. सबफ्रेम ठेवायचा तर हाच मार्ग.

फायबरइतकाच ताठरपणा हवा. पोलाद पाचपट ताठ, म्हणून पातळ पट्ट्या: ६० रुंद, ८ मिमी जाड, आठ. सगळ्या सारख्या लांब असत्या तर सातात भागलं असतं, पण वरच्या आखूड होत जातात, त्यामुळे टोकाकडे ढिलाई येते, ती आठव्यानं भरून निघते. ४८० किलोला प्रत्येक पट्टीतलं प्रतिबल साडेतीनशे मेगापास्कलच्या आत. कमान-पाट्याच्या पोलादाला हे सोसतं. वजन पंचवीस किलो. साडेतीनचे पंचवीस! गाडी चढावर किती वॅट जास्त घेईल ते मोटरच्या नोंदीत येईल.

चाचांनी जुन्या टेम्पोचे पाटे काढले. प्रत्येकाला खडू-रॉकेल, दोन नाकारले. कमान थंडीतच ठोकून दिली, गॅस कुठंही लावला नाही, कारण तापवल्यावर पाणी उतरलं की तो पाटा स्प्रिंग राहत नाही. गठ्ठा ६४ मिमी जाड, फायबर २६ होता. त्यासाठी बैठकींखाली नवे ब्रॅकेट करावे लागले आणि टोकांना लांब बोल्ट व रबर, म्हणजे गठ्ठा वाकताना टोक सरकू शकेल.

२ मार्च

गर्डरवर मोजला. ४०० किलोला डावी ४६, उजवी ४६. भार उतरवताना त्याच भाराला ४९ आणि ४९, पट्ट्या एकमेकींवर घासतात त्याचा हा फरक. फायबरला हे जवळपास शून्य होतं, आणि खरं सांगायचं तर बारीक खडबडीवर फायबर जास्त मऊ चालला असता. फळाला तेच हवं होतं. पट्ट्यांमध्ये ग्रीस भरलंय, टायरची हवा कमी करून पाहू.

मृगाच्या फळाचा तोडा सुरू झालाय. उद्या १५ कॅरेट घालून पांदणीतून एक फेरी, नाल्याच्या उतारावर उजवी बाजू किती बसते ते मापायचं. मावशींसाठी मागे फळी आणि धरायला पाइप लावतोय, कॅरेटवर बसण्यापेक्षा खाली. पाइपचं वेल्डिंग गठ्ठा काढूनच करायचं, ठिणग्या पाट्यावर पडू द्यायच्या नाहीत.